तिसरं पित्त

मला पित्त झालंय, हे घराने परस्पर ठरवून टाकलं होतं. धाकटा दीर डॉक्टर. तो बोलला की आमच्याकडे विषय मिटतो. साखर आणि वजन दोन्हींसाठी आठवड्याचं इंजेक्शन त्यानेच सुरू केलं होतं. भूक मेली, कपडे अंगावर लोंबायला लागले, लोक कौतुक करायला लागले. मग जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, ती थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत. लॉन्ड्रीत चादरींवर इस्त्री फिरवताना मी दोनदा टेबलावरच आडवी झाले.

दिराने पित्ताच्या गोळ्या दिल्या. जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, कुणी मुठीत धरून पिळावं तसं दुखतं, हे मी सांगत राहिले. तो म्हणाला, वहिनी, तुम्हाला इंजेक्शन सोडायला निमित्त हवंय. नवऱ्याने मान डोलावली. ती मुळातच ढिली आहे.

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी निघाले ती कुणालाही न विचारता सोनोग्राफीला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर खडे दाखवले. जेवलं की पित्ताशय आवळतं आणि पित्त पुढे ढकलतं, म्हणाल्या. या इंजेक्शनांनी ते सुस्तावू शकतं, वजन भराभर उतरलं तरी खडे होतात. तुमचे नेमके कशाने झाले ते छातीठोक सांगता येणार नाही. पण दुखणं खरं आहे.

पोटाला गार जेल फासलेलं, आणि मी खुशाल हसले.

रात्री जेवताना सांगितलं, तर दीर म्हणतो कसा, मी म्हटलंच होतं ना, पित्त आहे! सगळे खिदळले. त्याची बायको तेवढी हसली नाही. तेच इंजेक्शन तीही घेत होती, आणि तिचा हात उजव्या बरगडीखाली होता.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुम्ही म्हणालात ते पोटातलं ॲसिड. माझं अडलंय ते पित्ताशयातलं. आणि आत्ता खवळलंय ते तिसरंच. तिन्हींवर एकच गोळी चालत नाही. उद्या मी हिला सोनोग्राफीला नेतेय."

तो म्हणाला, घरात डॉक्टर मी आहे. नवऱ्याची मान हलायला लागली. मी नुसतं बघितलं, थांबली.

जावेने आपल्या नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई, सकाळी चहा चालतो का, की तोही नको?"


"तोही नको," मी म्हटलं.