सानिराजाक, विमानानं वीस मिनिटं

उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ मुलखात इग्लूलिक गावाहून सानिराजाक म्हणजे सत्तर किलोमीटर. विमानानं वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांसाठी आपिया तीन दिवस विमानतळाच्या बाकावर बसून होती.

सानिराजाकला तिच्या लेकीला मुलगा झाला होता. त्याला आपियाच्या वारलेल्या नवऱ्याचं, कुपाकचं नाव ठेवलं होतं. ज्याचं नाव, तोच माणूस परत आला, अशी या लोकांची समजूत. म्हणून लेक फोनवर सांगायची, "आई, बाबा आत्ताच दूध पिऊन झोपलेत. तुझी वाट बघून कंटाळले बिचारे!"

"आज तिकडे धुकं आहे, मावशी," तिकिटाच्या खिडकीमागून तिथली कारकून सीपोरा म्हणाली.

"काल इकडे, आज तिकडे. या धुक्याचं मी काय घोडं मारलंय गं?"

तेवढ्यात धाकटा दीर इनुकी आला. "वहिनी, स्नोमोबाइलच्या मागे स्लेज जोडलीय. चार तासांत पोचवतो."

"आणि उतरल्यावर माझी हाडं कोण गोळा करणार?"

"कॅरिबू हरणाची दोन कातडी अंथरतो. वर दोरीनं घट्ट बांधतो."

"बांधतोस? मी काय वॉलरसचं मांस आहे?"

पण बोलता बोलता तिनं गाठोडं उचललंच.

गोठलेल्या समुद्रावर अर्धी वाट सरली आणि डोक्यावरून घरघर ऐकू आली. विमान! सानिराजाककडेच निघालं होतं. आपियाचा चेहरा खर्रकन उतरला. इनुकी थांबला, भीत भीत म्हणाला, "परत सोडू का?"

"गप चालव!"

पुढे धुकं इतकं दाटलं की स्नोमोबाइलचं नाकही दिसेना. इनुकी अंदाजानं जात राहिला. आपियानं स्लेजवरून वाकून हातमोज्यानं बर्फ चाचपला. पश्चिमेच्या वाऱ्यानं घडवलेले टणक उंचवटे कायम एकाच दिशेनं पडलेले असतात. कुत्र्यांच्या स्लेजवर कुपाकच्या मागे बसून तिनं ते वर्षानुवर्षं पाहिले होते.

"अरे ए शहाण्या!" ती ओरडली. "उंचवट्यांच्या कडेकडेनं कुठे चाललास? ते तिरपे कापायचे. उजवीकडे घे!"

इनुकीनं निमूटपणे वळवलं. तासाभरात सानिराजाकच्या कुत्र्यांचं भुंकणं कानावर आलं.

दारात लेक थक्क. "आई! विमान तर दोन घिरट्या घालून परत गेलं. तू आलीस कशी?"

"मागाहून सांगते. आधी त्याला दे."

आपियानं बाळाला छातीशी धरलं. नाक त्याच्या गालाला लावून तिनं खोल श्वास घेतला, आणि डोळे भरून आले तरी तिला हसू आवरेना. "काय हो, शिकारीहून उशिरा येऊन जन्मभर मला ताटकळत ठेवलंत ना? आज कसं वाटतंय?"

इनुकी टोपी काढून पुढे झाला. त्या एवढ्याशा जिवासमोर वाकून म्हणाला, "दादा, वहिनीला सुखरूप आणलं बरं का."

"कुणी कुणाला आणलं?" आपिया म्हणाली.

दादानं भोकाड पसरलं.