अकरावा फर्मा

१९६४ साली आमच्या छापखान्यात एकाच आठवड्यात दोन पुस्तकं बांधणीला आली. एक प्राध्यापकांचं, साडेचारशे पानांचं. इतिहास, साहित्य, धर्म, कला आणि समाज, पाचांचाही त्यात एकदमच समाचार घेतलेला. दुसरं एका पशुवैद्याचं, कोंबड्या कशा पाळाव्यात यावर, दोनशे पानांचं. पहिलं दाराजवळच्या काचेच्या कपाटात मांडायचं होतं. दुसरं टपालाने परस्पर गिऱ्हाइकांकडे जायचं होतं.

मी तेव्हा बावीस वर्षांची, मुद्रितं तपासायचे. काका बांधणीखात्याचे प्रमुख. आईवडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, तेही बांधणीखात्याच्या डोक्यावरच्या खोलीत. खोली मालकांची होती. काका कामावर असेपर्यंत आमची, पुढे नाही, हे मालक अधूनमधून सहज म्हणून सांगत.

विद्वानांना पुस्तकात विचार दिसतात. बांधणीवाल्याला फर्मे दिसतात. सोळा पानांचा एक फर्मा, असे फर्मे क्रमाने एकावर एक ठेवून शिवले की पुस्तक झालं. फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी त्याचा क्रमांक असतो, आणि शेजारी पुस्तक ओळखायला एक बारीकशी खूण. काकांना क्रमांक दिसायचा. खूण दिसेनाशी होऊन वर्ष झालं होतं आणि ते फक्त मला माहीत होतं. म्हणून गठ्ठे मी लावून द्यायचे. नेमका त्या सोमवारी मला ताप आला.

"मी येते खाली," मी म्हटलं.

"झोप गुमान," काका म्हणाले. "तू जन्मायच्या आधी काय मी गवत उपटत होतो?"

दोन्ही पुस्तकांचा कागद एक, आकार एक, टाइप एक, प्रतीही पाचशे-पाचशे. अकराव्या फर्म्यांची अदलाबदल झाली. पान एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. कोंबड्यांच्या पुस्तकात प्राध्यापक गेले आणि प्राध्यापकांच्या पुस्तकात कोंबड्या. बांधून झालेली पहिली प्रत तपासून सही करायचं काम माझं होतं. गुरुवारी मी उठले, दोन्ही प्रती हातात घेतल्या, कणे छान सरळ होते, सही करून टाकली.

पंधरा दिवसांत पत्रं यायला लागली. सगळी कोंबडीवाल्यांची. एका बाईंचं मला अजून तोंडपाठ आहे. "पान १६० वर आजारी कोंबडी वेगळी ठेवा म्हणता. ठेवली. पुढे औषध सांगायचं सोडून तुम्ही आत्म्याच्या आविष्कारावर गेलात. कोंबडी मेली. औषधाचं पान पाठवा." दुसऱ्या एकाने पशुवैद्यांच्या प्रकृतीची चौकशी केली होती. महिन्याभरात अशी एकतीस पत्रं आली.

प्राध्यापकांच्या पुस्तकाबद्दल एकही नाही.

मी पहिलंच पत्र वाचून काय झालं ते ओळखलं होतं. कपाटातली प्रत उघडून पाहिली, तर समाजाच्या प्रकरणात कोंबड्या खुशाल दाणे टिपत होत्या. मी ती मुकाट्याने जागेवर ठेवली. एका चुकीने काकांवर गंडांतर आलंच होतं, दुसरी कशाला दाखवायची?

मालकांना मात्र ती भलती पानं कुठली हे कळेना. स्वतः छापलेलं पुस्तक वाचायची त्यांना सवय नव्हती. प्राध्यापक दर गुरुवारी कपाटातलं आपलं पुस्तक बघायला यायचे. मालकांनी ती सोळा पानं कापून त्यांच्यापुढे धरली. पत्रांची फाइल घेऊन मी शेजारीच उभी होते.

"साहेब, हे कुणाचं लिखाण असेल?"

प्राध्यापकांनी दोन पानं वाचली, तिसरं नुसतं चाळलं. "कुणा हौशी माणसाचं आहे. वाक्य कुठून निघालं ते शेवटापर्यंत याच्या ध्यानात राहत नाही. हे छापू नका."

"छापलंय," मालक म्हणाले.

"मग बांधू नका."

मी फाइल तोंडापुढे धरली. भीतीने म्हणावं तर तसं नव्हतं.

मालकांनी काकांना बोलावून महिनाअखेरीची मुदत दिली. काम बंद, खोली रिकामी. काकांनी वर येऊन दाभण, मेण आणि दोऱ्याची रिळं एका डब्यात भरायला घेतली.

"सही माझी आहे," मी म्हटलं. "मी सांगते त्यांना."

"म्हणजे दोघं मिळून रस्त्यावर. हुशार आहेस," काका म्हणाले. "फर्मा मी लावला. तू गप्प बस."

मी गप्प बसलेही असते. पण मुदत संपायला चार दिवस उरले असताना एका मोठ्या मासिकात समीक्षा आली. लिहिणारे इतके मोठे समीक्षक, की प्राध्यापक त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसत. साडेचारशे पानांच्या ग्रंथातून त्यांनी एकच उतारा दिला होता.

"'जागा अपुरी पडली की टोचाटोची सुरू होते, आणि मग सगळ्या मिळून एकीला धरतात. अशा वेळी उजेड कमी करावा.' समाजाचं इतकं निर्दय निदान आजवर कुणी केलं नव्हतं. शेवटच्या वाक्यातला उपरोध तर काळजात घुसतो. कोंबडीचं रूपक लेखकाने सोळा पानं ताणलं आहे, पण कुठेही तुटू दिलेलं नाही."

मासिक, पत्रांची फाइल आणि दोन्ही पुस्तकं छातीशी धरून मी मालकांच्या खोलीत गेले. पान एकशे एकसष्ट दोन्हीकडे उघडून ठेवलं. मालकांनी इकडे वाचलं, तिकडे वाचलं, मासिक वाचलं, मग उठून दार लावलं.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"काकांना आणि मला."

"प्राध्यापकांना?"

"त्यांनी ती पानं तुमच्यासमोरच वाचली की. कुणा हौशी माणसाची म्हणाले."

प्राध्यापकांच्या सत्काराचं सभागृह ठरलं होतं, आमंत्रणं आमच्याकडेच छापली होती.

"काकांना काढलं," मी म्हटलं, "तर लोक विचारतील का काढलं. मला खोटं बोलता येत नाही, मालक."

"केव्हापासून?"

"आजपासून."

ते हसले नाहीत, पण त्यांनी दार उघडलं. "सांग म्हाताऱ्याला, डबा रिकामा कर. आणि गठ्ठे तूच लावायचे."

सत्काराला प्राध्यापक तासभर बोलले. उजेड कमी करण्याचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा डोळे मिटून. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालकांनी भीत भीत विचारलं, समाजाच्या प्रकरणात काही बदल करायचा का? "त्याला हात लावू नका," प्राध्यापक म्हणाले. त्यांनी तोवर ते प्रकरण वाचलं होतं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.

प्राध्यापक पुढे दोन संस्थांचे अध्यक्ष झाले आणि त्याच वाक्यावर वीस वर्षं व्याख्यानं देत राहिले. समीक्षकांनी रूपकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तो आम्ही छापला, त्याची पत्रं कुणाला आली नाहीत. पशुवैद्यांचं पुस्तक नीट बांधून सगळ्यांना परत पाठवलं. त्याच्या नऊ आवृत्त्या निघाल्या आणि नवव्याच्या वेळीही ते आपल्या लेखनाला लेखन म्हणत नसत. त्या बाईंनी नव्या कोंबड्या घेतल्याचं कळवलं. मालकांनी छापखाना जावयाला दिला. काका शेवटपर्यंत त्याच खोलीत राहिले. अखेरची सहा वर्षं त्यांना काहीच दिसत नव्हतं, तरी बोटांनी चाचपून ते माझ्यापेक्षा सरळ शिवत.

प्राध्यापकांचं पुस्तक योग्य अकराव्या फर्म्यासह बांधलेलं एकच आहे. काकांनी माझ्यासाठी हाताने बांधलं. आता वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मी ती सोळा पानं पुन्हा वाचली. त्या गुरुवारचा प्राध्यापकांचा अभिप्राय अगदी रास्त होता.