चिमणीचा जबाब

शाळेतून चौकीत फोन आला तो नेमका हवालदारबाईंनीच उचलला. खेळाच्या खोलीतला तीन किलोचा लोखंडी गोळा आठवड्यापूर्वी नाहीसा झाला होता आणि नववीतली एक मुलगी त्याबद्दल तोंड उघडत नव्हती. कुणाची मुलगी, असं बाईंनी सवयीनं विचारलं. पलीकडून मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमचीच."

झालं! गावाला शिस्त लावायची आणि घरी दिव्याखाली अंधार. बाई वर्दीतच धावल्या.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत चिमणी मान खाली घालून उभी होती. घरचं नाव चिमणी, पण खांदे असे की वर्गातली मुलं तिच्या वाटेला जात नसत. शाळेच्या शिपायानं तिला जड दप्तरानं एका बाजूला कलून फाटकातून जाताना पाहिलं होतं. लेखी खुलासा मागितला, तर तिनं नाव आणि इयत्ता लिहून बाकी कागद कोरा परत दिला. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, नियमाच्या पक्क्या होत्या. दुपारी तीनपर्यंत खुलासा आला नाही तर चोरी धरून पोरीचं नाव शाळेतून काढावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हे ऐकून बाईंच्या पोटात जो गोळा आला, तो तीन किलोहून नक्कीच जड होता.

मग आई सुरू झाली. चिमणी बोलायला तोंड उघडी, की आईचं पुढचं वाक्य त्यात येऊन बसे. शेवटी चिमणी म्हणाली, "आई, चौकीत लोकांचा जबाब घेतेस ना, तसा माझा घे."

बाईंच्या जबाबांचं चौकीत नाव होतं. समोरचा बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं, मध्ये अवाक्षर काढायचं नाही, शेवटी वाचून दाखवून सही घ्यायची. बाईंनी खुर्ची ओढली आणि तो कोरा कागद पुढ्यात घेतला.

चिमणी सांगत गेली. गोळाफेकीच्या संघात एकच जागा होती आणि शाळेत मुलींना सराव आठवड्यातून अर्धा तास. म्हणून गोळा घरी नेला, रोज सकाळी मागच्या मोकळ्या जागेत फेकला. "खेळाच्या सरांना विचारलं असतं तर त्यांनी घरची चिठ्ठी मागितली असती. चिठ्ठीसाठी मी आईकडे तीनदा गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, आधी केस विंचर. दुसऱ्यांदा म्हणाली, मला सगळं ठाऊक आहे. तिसऱ्यांदा मी नुसतं 'आई' म्हटलं, तर म्हणाली, नाही."

पेन अडखळलं. बाईंचे कान तापले, पण नियम तो नियम, त्यांनी तेही लिहून घेतलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "मुद्देमाल सध्या कुठे आहे?"

"आपल्या स्वयंपाकघराच्या दाराला. दार आपटतं म्हणून सोमवारी तूच लावलास. सराव झाला की मी परत तिथंच ठेवते."

मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं चष्मा पुसायला घेतला. आठवडाभर बाई त्या गोळ्याला ठेचकाळत होत्या. हा धोंडा घरात कुणी आणला, असं त्यांनी ओरडून विचारलंही होतं. उत्तराला तेवढ्या थांबल्या नव्हत्या.

बाईंनी जबाब वाचून दाखवला. 'तिसऱ्यांदा'चं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. चिमणीनं सही केली. तिच्या सहीखाली बाईंनी आपल्या हातानं लिहिलं, 'मुद्देमाल पालकाच्या ताब्यात सापडला,' आणि स्वतःचीही सही ठोकली. मुख्याध्यापिकांनी निकाल दिला. ही चोरी नव्हे, न विचारता नेणं. पंधरा दिवस खेळाची खोली झाडायची, गोळा आजच आणून द्यायचा, आणि नाव शाळेत राहील. सरावाची चिठ्ठी बाईंनी तिथंच लिहून दिली.

"आणखी काही सांगायचं आहे का?" जबाबाचा हा शेवटचा प्रश्न बाईंच्या तोंडून सवयीनंच निघाला.

"हो," चिमणी म्हणाली, "पण ते लिहू नकोस. वाटेत सांगते."

गोळा आणायला दोघी घरी निघाल्या. वाट वीस मिनिटांची होती, आणि चिमणी सगळी वाट बोलत होती. बाई मध्ये एक शब्दही बोलल्या नाहीत. अठरा वर्षांच्या नोकरीत इतकी अवघड ड्यूटी त्यांनी कधी केली नव्हती.