ओताकारचा पहिला नंबर

आमच्या झोपायच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आहेत आणि त्यांतला एकही आमच्या उपयोगाचा नाही. ते कुठल्या कुठल्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांची गणितं सोडवतात, रात्रंदिवस आणि फुकट. विजेचं बिल मात्र न चुकता आमच्याकडे येतं. माझा नवरा ओताकार याला विज्ञानाची सेवा म्हणतो, मी घुरघुर म्हणते. पण खोटं कशाला बोलू, चेक देशात, बोहेमियातल्या आमच्या ख्रुदिम गावच्या थंडीत त्यांच्यामुळे खोली उबदार राहते. आणि बुख्तींसाठी, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावांसाठी, मळलेल्या पिठाचं पातेलं मधल्या डब्यावर ठेवलं, की पीठ असं फुगतं की आईच्या चुलीपाशीसुद्धा तसं फुगत नसे.

अशी फुकट गणितं करणाऱ्यांचा ओताकारने गावात क्लब काढला. गणितांचे गुण मिळतात. त्या गुणांना बाजारात कोणी चहासुद्धा देणार नाही, पण यादीत नंबर लागतो, आणि पहिला नंबर पहिल्यापासून ओताकारचाच. एके काळी या मंडळींना गुत्त्यात दोन टेबलं जोडावी लागत. मग कोणी वारलं, कोणी लेकीकडे राहायला गेलं, आणि उरले चार म्हातारे. या हिवाळ्यात त्यांनी बिअर पिता पिता ठरवून टाकलं, की ईस्टरपर्यंत एकही नवा सभासद आला नाही तर क्लब बंद. त्या दिवशी ओताकार घरी आला आणि अंगातला कोट न काढता नुसता बसून राहिला. जेवलाही नाही. मला त्याची फार दया आली. दुसऱ्या दिवशी मीच वाचनालयातल्या ब्लांकाला फोन केला.

ब्लांका वेबसाइटी बनवते आणि तोंडाने फटकळ आहे, म्हणून मला ती आवडते. ती घरी आली आणि तिने क्लबचं जुनं पान उघडलं. काळ्या रंगावर हिरवी अक्षरं, कोपऱ्यात गिरक्या घेणारं रॉकेट, आणि मधोमध ती यादी. सगळ्यात वर, सगळ्यात ठळक: ओताकार कुबात.

"कुबातसाहेब," ती म्हणाली, "यातले हयात आणि हजर किती?"

"चार. बाकीच्यांचे गुण तसेच ठेवलेत. आदर म्हणून."

"म्हणजे नवा माणूस आला, तर तो मेलेल्यांच्याही खाली."

"मेहनत करावी! आम्ही नाही केली?"

"तुमच्याइतके गुण मिळवायला त्याला दुसरा जन्म घ्यावा लागेल. दारातच पाटी लावलीत, की तुम्ही हरलात, परत जा." तिने कॉफीचा घोट घेतला. "हे काढू या. दर महिन्याला नवी यादी, सगळे शून्यापासून. तुम्हीसुद्धा."

ओताकारचा चेहरा पाहवत नव्हता. एवढ्यात ब्लांकाला खोलीतलं माझं पातेलं दिसलं. फडक्याखालून पीठ डोकावत होतं आणि खाली कॉम्प्युटरचे दिवे लुकलुकत होते. तिने पटकन फोटो काढला.

"हा पहिल्या पानावर!"

"आम्ही तारे शोधतो, बाई! पाव नाही विकत!"

"ताऱ्यांना बघून कोणी आलं का आजवर?"

मी ब्लांकाला हो म्हटलं आणि नवं पान लागलं. पांढरंस्वच्छ, वर माझं पातेलं, आणि खाली एक कोरी यादी. ओताकारने ते पाहिलं आणि आत जाऊन तिन्ही कॉम्प्युटर बंद केले. बाकीच्या तीन म्हाताऱ्यांनीही मैत्रीला जागून आपापले बंद केले. आता क्लब वाचवायला निघालेली मीच क्लब बुडवून बसले होते.

घर गारठलं. पीठ दगडासारखं पडून राहिलं. आणि इतकी वर्षं जिला शिव्या घातल्या, ती घुरघुर नाही म्हणून मला झोप लागेना. नवराही कूस बदलत असायचा.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, ज्यावर मी पाककृती बघते, ब्लांकाचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: 'तुमचा कॉम्प्युटर रिकामा बसलाय? त्याला कामाला लावा. तुम्हाला काहीही येण्याची गरज नाही.' एवढंच होय, म्हटलं मी, आणि बटण दाबलं. गणितं ताऱ्यांची हवीत की औषधांची, असं विचारलं. मी औषधं म्हटलं. तारे शोधायला घरात माणूस आहे.

"फ्रिज बिघडलाय का?" ओताकारने बाहेरून विचारलं. तो टीव्हीवर आइस हॉकी बघत होता. "घरघरतोय."

"नाही. तू हॉकी बघ."

काही दिवस गेले. 'मी ते पान बघतसुद्धा नाही' असं म्हणणाऱ्या माणसाने शेवटी ते बघितलंच. मी बटाटे सोलत होते, तर हा दारात उभा.

"ही हेदविका कुबातोवा कोण?"

"तुझी बायको. भेटून आनंद झाला."

"पहिला नंबर?"

"ओसाड गावी एरंड बळी. तुम्ही चौघं रुसून बसलात, मी एकटीच धावले."

"पण तुला यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. पण कळायची गरज नाही असं तिथे लिहिलंय. तुझ्या काळ्या पानावर होतं का हे लिहिलेलं?"

तो खुर्चीवर बसला. बटाट्याचं एक साल उचलून बोटाला गुंडाळत राहिला.

"मग इतकी वर्षं क्लबात का नाही आलीस?"

"तू विचारलंस कधी? साऱ्या बोहेमियाला ये ये म्हणत होतास, म्हाताऱ्या. मी शेजारच्या उशीवर होते."

हे मला थट्टेत म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही. त्याने बोटावरचं साल सोडवलं. नंतर गुत्त्यातल्या त्या तिघांना एकेक करून फोन लावला आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. "ईस्टरच्या आत सभासद मिळाला. मशिनी सुरू करा. नाही, ओळखीची आहे."

मग तो आत गेला. एक घुरघुर सुरू झाली, मग दुसरी, मग तिसरी.

परत आला तो बाह्या सरसावूनच. "महिना संपायच्या आत तुला मागे टाकणार आहे."

"टाक की."

त्याने ओट्यावरचं पिठाचं पातेलं फडक्यासकट उचललं, आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून झोपायच्या खोलीत घेऊन गेला.