मर्यादेचा आकडा

फिटर लोकांत त्याला सगळे ‘थेंब’ म्हणत. पाइपाला जोड दिला, की तो त्यावर बोट टेकवून पाच मिनिटं बसून राही आणि बोट कोरडं निघालं तरच हत्यारं आवरायला घेई. बरोबरीचे चेष्टा करत, “अरे, लग्न लावलंयस का पाइपाशी?” त्यावर तो म्हणे, “लावलं तर काय बिघडलं? उलट उत्तर तरी देत नाही.” सव्वीस वर्षं तो बागांना तुषार सिंचन बसवत होता आणि त्याचं काम पुन्हा उकरावं लागलंय असं कधी झालं नव्हतं.

त्या घरी तो उन्हाळा तोंडावर असताना गेला. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. तिला आळीत सगळे बाईच म्हणत. तिचे यजमान नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले, आणि बाग सगळी त्यांच्या हातची: हिरवळीचे चार तुकडे, भिंतीलगत गुलाब, शेजारच्या घराच्या बाजूला छातीएवढं कुंपण. दुसऱ्याच दिवशी त्यांना हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दूरच्या शहरात न्यायचं होतं आणि त्यांचा जीव बागेत अडकला होता.

“पाणी तर आपोआप सुटेल,” ते खुर्चीत टेकून म्हणाले, “पण मागे कुठे पाइप फुटला तर? टाकी रिकामी होईल आणि घरात तळं.”

थेंबने त्यांना मूठभर आकाराचं पितळी मीटर दाखवलं. “हे बागेच्या मुख्य पाइपावर बसतं, काका. आत एक चक्र असतं. पाणी जितकं वाहील तितकं ते फिरतं आणि ओसरीतल्या नियंत्रणाच्या पेटीला कळवतं, मिनिटाला इतके लिटर. प्रत्येक लाइनीला आपण मर्यादा ठरवून द्यायची. त्याच्यावर पाणी गेलं, की पेटी समजते पाइप फुटला, आणि मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकते.”

“म्हणजे माझ्या जागी पहाऱ्याला हा,” काका म्हणाले आणि लहान मुलासारखे खूश झाले.

लाइनी पाच होत्या. चार हिरवळीच्या नि तिच्या कडेच्या गुलाबांच्या, त्यांना मिनिटाला एकोणीस-वीस लिटर पाणी लागे. पाचवी कुंड्यांची, ठिबकची, तिला जेमतेम तीन. थेंब पेटीसमोर उभा राहून मर्यादा भरत होता. कुंड्यांच्या लाइनीचा आकडा त्याने घातला, चार. तेवढ्यात बाईंची हाक आली. काकांना धाप लागली होती. थेंब धावत गेला, त्यांना आधार देऊन आत आणलं, उशीला टेकवून बसवलं. अर्ध्या तासाने श्वास ताळ्यावर आला तेव्हा तो ओसरीत परतला, पेटीवरचं बटण दाबून काम पुरं केलं आणि एकेक लाइन हाताने सुरू करून पाहिली. चारही तुकड्यांवर पाणी नाचलं. काकांनी खिडकीतून हात उंचावला.

हाताने लाइन लावली, की पेटी मर्यादा तपासत नाही, हे थेंबला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी ते आठवलं नाही.

किल्ली शेजारणीकडे होती. एकतीस वर्षांचा शेजार. निघताना बाई तिला म्हणाल्या, “तुला काही करायचं नाहीये गं. फक्त येता-जाता नजर टाक.”

काका परत आले नाहीत. बाविसाव्या दिवशी बाई लेकीबरोबर घरी आल्या तेव्हा हिरवळीचा पेंढा झाला होता, गुलाबांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या. पायरीजवळच्या कुंड्या तेवढ्या हिरव्या होत्या. शेजारीण लंगडत धावत आली, दोन्ही हात पुढे करून. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“एवढं एकच सांगितलं होतं तुला,” त्या म्हणाल्या. “त्यांची बाग तेवढी तरी राहिली असती.”

शेजारणीने हात खाली घेतले, कमरेची किल्ली काढून पायरीवर ठेवली आणि ती निघून गेली.

थेंबला हे सगळं दोन आठवड्यांनी बाईंच्याच तोंडून कळलं. त्यांनी त्याला फोन करून बोलावलं होतं. “सगळं काढून न्या. पाइप, मीटर, पेटी. आता कुणासाठी?”

काढण्याआधी त्याने सवयीने पेटीतली नोंद उघडली. पहिली सकाळ, सहा वाजता. पहिली लाइन सुरू, मिनिटाला एकोणीस लिटर. मर्यादा चार. मुख्य व्हॉल्व्ह बंद. त्यापुढे रोज शून्य. त्याने मर्यादांचं पान काढलं. पाचही लाइनींना कुंड्यांचाच आकडा लागला होता. घाईत त्याने दाबलेलं बटण ‘सगळ्यांना लागू’चं होतं.

तो ओसरीत खाली बसला. पेटी काढून गाडीत टाकली असती, तर कुणाला काही कळणार नव्हतं. हा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. चांगला ठाण मांडून बसला. पण बाई चहा घेऊन आल्या आणि कुंपणाकडे बघत म्हणाल्या, “माणूस ओळखायला एकतीस वर्षं पुरत नाहीत बघा.” मग मात्र त्याच्याने राहवेना.

“बाई, पाणी मी बंद केलं,” तो म्हणाला. “तुमच्या शेजारणीची काही चूक नाही. मर्यादा भरताना माझा घोटाळा झाला.” आणि त्याने सगळं सांगितलं.

बाई ऐकत राहिल्या. चिडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“दवाखान्यात हे रोज सहाला घड्याळ बघायचे,” त्या म्हणाल्या. “म्हणायचे, आता पहिली लाइन लागली असेल. मग म्हणायचे, आता दुसरी. शेवटच्या सकाळीसुद्धा. त्यांना हे कळलं नाही, तेवढं बरं झालं.” मग त्या उठल्या आणि चपला पायांत सरकवल्या. “चला. तुम्हीही चला. मला एकटीला नाही सांगता यायचं.”

शेजारणीने दार उघडलं. गुडघ्याला पट्टा होता. थेंबने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने मान हलवली.

“पाणी बंद झालंय हे मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. बागेतल्या नळालाही येत नव्हतं.”

“मग फोन का नाही केलास?”

“केला ना. तुझ्या लेकीने उचलला. म्हणाली, बाबांना आत्ताच शस्त्रक्रियेला आत नेलंय. त्यावर तिला काय सांगू, नळ बंद आहे म्हणून?” ती दाराला टेकली. “माझ्या घरून बादल्या नेल्या. रोज आठ. गुडघा बसला तेव्हा चार. कुंड्या जगल्या. गुलाबही जगतील असं वाटलं होतं.”

बाई म्हणाल्या, “बोलली का नाहीस त्या दिवशी?”

“तू विचारलंस कुठे? थेट निकालच दिलास.” शेजारणीचा आवाज चढला नाही. “दुःख तुझं मोठं, म्हणून गप्प बसले. पण मला सख्खा भाऊ नव्हता, भाऊ म्हणून तेच होते. तू मला त्यांच्यासाठी तुझ्या घरात बसून रडूसुद्धा दिलं नाहीस.”

तेव्हा थेंबचं लक्ष तिच्या मागे गेलं. खोलीत दोरीने बांधलेली खोकी होती.

“हे काय?” बाईंनी विचारलं.

“मुलाकडे चाललेय, कायमची. तो कधीचा मागे लागला होता. म्हटलं, आता इथे कोण आहे?”

“नको जाऊस गं.”

“त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतलीय. आता नाही म्हणवत नाही.” मग तिने बाईंचं मनगट धरलं. “आत ये. उभी का राहिलीस?”

दोघी आत गेल्या. थेंब एकटाच परत आला आणि ओसरीत बसून त्याने पाचही आकडे दुरुस्त केले.

पेटी काढायचं पुन्हा कुणी बोललं नाही. आठवडाभर तो रोज पहाटे येऊन लाइनी आपोआप लागताना पाहत उभा राही. त्याने स्वतःच्या हाताने नवी हिरवळ लावून दिली. गुलाब मात्र बाईंनी लावू दिले नाहीत. म्हणाल्या, “ते त्यांचे होते.” दुकानावर बरोबरीच्यांना त्याने आपणहून सगळा प्रकार सांगितला. चेष्टा कुणी केली नाही.

महिनाअखेरीला शेजारीण गेली. खोकी थेंबनेच गाडीत चढवली. दोघी बायका फाटकाशी हात हातात घेऊन उभ्या होत्या. औषधं वेळेवर घे, फोन कर, असलंच बोलत होत्या. गाडी वळल्यावर बाईंनी फाटक लावलं.

“जेवून जा,” त्या त्याला म्हणाल्या. “दोघींपुरतं केलं होतं. ती म्हणाली, उशीर होईल.”

तो हात धुऊन आत बसला. बाईंनी दोन्ही ताटं वाढली आणि त्या समोर बसल्या. दोघांच्याही ताटांतलं अन्न निवत होतं, पण उठायचं आधी कुणी हे कळेना, म्हणून ते बराच वेळ तसेच बसून राहिले.