चौथं कडवं

त्या संध्याकाळी भागुजींच्या पदरात पडायचं होतं ते असं: एक शाल, एक नारळ, पाहुण्यांच्या रांगेतली मधली खुर्ची, आणि नावाआधी कायमचं ‘लोककवी’. शाल-नारळ काय, हल्ली कुणालाही मिळतो. त्यांचा जीव अडकला होता शेवटच्या शब्दात. गायक म्हणून त्यांना घोडेगावपासून तळेघरापर्यंत ओळखत. पण गळा बसला की गायकाचं नावही बसतं. कवीचं तसं नसतं.

त्यांची तबकडी निघाली चौऱ्याहत्तर साली. तिच्यावरच्या ‘पाटी माझी काळी गं, उजेड लिहिते वरी’ या गाण्यावर जयंतीच्या मांडवात दोन पिढ्या वाढल्या. एवढ्या भरघोस मिशांचा माणूस ‘लिहिते’ कसा म्हणतो, हे कुणी विचारलं नाही. कवी काय, काहीही होतो!

आता तीस वर्षांनी कंपनीने तीच तबकडी सीडीवर आणली. जुन्नरच्या कॅसेटवाल्या पीयूष शेठने ती सत्कारात वाजवायचं कबूल केलं. दाराशी टेबल मांडून विकायच्या बोलीवर, अर्थात. भागुजींनी ती आधी ऐकली नव्हती. आपलंच गाणं, त्यात ऐकायचं काय?

“मंडळी,” पीयूष माइकवर म्हणाला, “तबकडीत जागा कमी. म्हणून तेव्हा कापलेलं सगळं या सीडीत परत घातलंय!”

टाळ्या पडल्या. भागुजींनीही वाजवल्या.

तीन कडवी मांडव सोबत गायला. तबकडीवर इथे ढोलकी थांबायची. आज थांबली नाही. पुढे काय आहे, हे त्या मांडवात दोघांनाच ठाऊक होतं.

‘फुला म्हणे, बायांनो, शाळेत धाडा पोरी...’ त्यांचाच तरणा, खणखणीत आवाज म्हणाला. वर पुन्हा एकदा घोळवून म्हणाला.

शेवटच्या कडव्यात नाव येतं ते रचणाऱ्याचं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. तिथे भागुजींची बायको फुलाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या उठल्या.

“अवो, तुमी हे गायला व्हता? मला वाटायचं, तुमीच गाळलं.”

“गायलो व्हतो की! कंपनीनं कापलं, त्याला मी काय करू?” भागुजींना वाटलं, सुटलो.

“कंपनीनं एकदा कापलं. मग दर जयंतीला कोण कापत व्हतं?”

मंडळाचे अध्यक्ष गेणभाऊ उघडलेली शाल हातात धरून तसेच उभे. वेळ मारून न्यायला म्हणाले, “वैनी, ऱ्हाऊ द्या आता. तुमचं दुसरं एखादं म्हणा की.”

“दुसरं?” फुलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच कुणी विचारला असावा. “केलंच न्हाई, भाऊ. ह्याचं आसं झाल्यावर कुणासाठी करायचं?”

पीयूषच्या सीड्या टेबलावर उरल्या नाहीत. ती त्याची जमा. कंपनीला तर पत्ताही नाही. भागुजींचा एक शब्द गेला. आणि तीस वर्षांत जी गाणी झालीच नाहीत, ती सगळी बुडीत म्हणून फुलाबाईंच्या नावे पडली.