इंजिनाचा दसरा

लॉकडाऊनमध्ये लोकांनी पाव भाजले, कुत्री पाळली, गिटार शिकायला घेतली. आयर्लंडमधल्या ओंगारच्या मोरेश्वरने बोट घेतली. तीही नवी नव्हे. रॉयल कॅनॉलच्या काठाला कित्येक वर्षं नुसती बांधून ठेवलेली, लांबुडकी, लोखंडी, आणि पोटात मोरेश्वरहून वयाने मोठं डिझेल इंजिन. रेवतीला त्याने आधी फोटो दाखवला आणि मग सांगितलं की घेतलीये. नवऱ्याने सवत आणली असती तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं, असं ती तेव्हा म्हणाली होती.

त्यानंतर रेवतीच्या घरातून शनिवार-रविवार नाहीसे झाले. मोरेश्वर सकाळी जायचा तो संध्याकाळी काळे हात घेऊन उगवायचा. तीनदा हात धुतल्याशिवाय त्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती. या उन्हाळ्यात क्लोनडॉकिनला राहणाऱ्या मित्रांना, नंदिनी आणि सुभाषला, हौसेने फिरायला नेलं, तर भर कॅनॉलमध्ये इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्याच्या बोटीने दोर बांधून ओढत परत आणलं. नंदिनीने त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. रेवतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिने निर्वाणीचं सांगितलं, "दसऱ्याला याच दोघांना घेऊन लेक्सलिपच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत एकदा जरी बंद पडली, तर विकायची."

"डन," मोरेश्वर म्हणाला. पण जेवताना त्याने भाताला हात लावला नाही.

दसऱ्याला दोघांनी सुट्टी टाकली. रेवतीचं वैर बोटीशी होतं, दसऱ्याशी नव्हतं. घरच्या लॅपटॉपला आणि गाडीला हळदकुंकू लागतं, मग इंजिनालाच का वगळायचं? शिवाय तिने एप्रिलपासून खिडकीतल्या कुंड्यांत झेंडू जोपासला होता. आयर्लंडच्या उन्हाच्या मागे कुंड्या फिरवून फिरवून एक माळ होईल एवढी फुलं जमली होती. ती माळ घेऊन ती थेट बोटीच्या नाकाकडे निघाली.

"तिथे नको गं, पाण्यात पडेल. आत दाराला बांध ना," मोरेश्वर म्हणाला.

"आत कोण बघणार? आणि शुभ कामात अपशकुनी बोलू नकोस!" तिने लोकरीच्या धाग्याची घट्ट गाठ मारली.

सुभाष आणि नंदिनी शंकरपाळ्यांचा डबा घेऊन चढले. मोरेश्वरने किल्ली फिरवली. टक्! केबिनमधला दिवा मंद झाला आणि सगळं शांत.

"झाला वाटतं प्रवास," नंदिनी म्हणाली. "पण इथले लोक म्हणतात तसा 'क्रॅक' आहे हां तुमच्याकडे, फुल्ल मजा!"

मोरेश्वर गडबडला नाही. "बॅटरी कालच पूर्ण चार्ज केलीये. म्हणजे करंट आहे, वाटेत कुठेतरी अडतोय." बॅटरी सोडवून तो जाड तारेच्या मागे मागे हात फिरवत गेला. तार इंजिनाला बोल्टने जोडली होती तिथे गंज चढला होता. त्याने पॉलिश पेपरने तो घासला, बोल्ट आवळला, बॅटरी जोडली आणि पुन्हा किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि धडधडायला लागलं. रेवतीला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा रागही आला.

तिला एकच काम होतं. मागे बसून, बाहेर आलेल्या नळीतून पाणी पडतंय ना ते बघायचं. इंजिन तळाच्या भोकातून कॅनॉलचं पाणी आत ओढतं, थंड होतं आणि ते पाणी मागून टाकतं, हे त्याने तिला कधीच शिकवलं होतं. "पाणी पडतंय तोवर सगळं ग्रँड."

पाणी छान पडत होतं. काठाची झाडं पिवळी झाली होती, बदकं वाट सोडत होती, सुभाष शंकरपाळे संपवत होता. रेवतीला फार बरं वाटत होतं, पण हे कबूल करायला तिची जीभ रेटत नव्हती. पुढे समोरून एक बोट आली, तिला जागा द्यायला मोरेश्वरने आपली बोट काठच्या लव्हाळ्यांना घासून नेली. थोड्या वेळाने नळीची धार बारीक झाली. मग थेंब. मग वाफ.

"मोरेश्वर, पाणी!" ती ओरडली. आणि ओरडल्यावर तिची नजर पुढे गेली. बोटीचं नाक उघडं होतं.

तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता. मोरेश्वरने क्षणभर पुढे बघितलं, लेक्सलिपचा पूल दिसत होता. मग त्याने इंजिन बंद केलं.

"गेली रे पैज!" नंदिनी म्हणाली.

सुभाषने बोट काठाला धरली. मोरेश्वर खाली उतरला. रेवतीने टॉर्च धरला. त्याने पाण्याचा वाल्व बंद करून गाळणीचं झाकण उघडलं, तर आत गच्च केशरी पाकळ्या! त्याने एकदाच तिच्याकडे बघितलं आणि पाकळ्या मुठीत घेऊन खिशात टाकल्या.

"काय निघालं?" वरून नंदिनीने विचारलं.

"शेवाळ," मोरेश्वर म्हणाला. "माझंच चुकलं. निघायच्या आधी साफ करायला हवं होतं."

रेवतीला गलबलून आलं. एका शब्दात त्याची बोट वाचली असती. तो शब्द त्याने काढला नाही, बायकोचं हसं होऊ नये म्हणून.

ती तरातरा वर आली. इंजिन थांबल्यामुळे तळाची ओढ सुटली होती आणि उरलेली माळ कडेने वर तरंगत होती. तिने हूकच्या काठीने ती उचलली आणि नंदिनीसमोर धरली.

"शेवाळ नाही, माझी माळ आहे. तो नको म्हणत होता, मीच बांधली. इंजिन बंद पडलं नाही, मी पाडलं. काढ व्हिडिओ."

नंदिनीने फोन खिशात ठेवला. "मग बोट विकायची नाही?"

"नाही."

खालून मोरेश्वर म्हणाला, "तुला तर विकायचीच होती ना?"

"होती," रेवती म्हणाली.

इंजिन निवलं, सुरू झालं, धार पुन्हा जोरात पडायला लागली. पुलाखाली त्यांनी बोट वळवली. नंदिनीने आपट्याच्या पानांऐवजी बागेतली कसलीतरी पानं आणली होती, ती सोनं म्हणून सगळ्यांना वाटली. रेवतीने मात्र मोरेश्वरच्या खिशात हात घातला, चिखलात माखलेल्या पाकळ्यांतल्या अर्ध्या आपण घेतल्या आणि अर्ध्या त्याच्या हातावर ठेवल्या. "सोनं घे, सोन्यासारखा राहा."

घरी आल्यावर तिने दोनदा हात धुतले. तरी डिझेलचा वास येतच होता. तिसऱ्यांदा तिने धुतले नाहीत.